हेटीटोल्याच्या रस्त्यावरची माणसं

२ मार्च, रविवार

आज संध्याकाळी सायकल मंडळाची बैठक आमच्या घरी झाली. रंजीता गेल्यापासून समोरच्या खोलीत एवढी माणसं पहिल्यांदाच बसली. खुर्च्या कमी पडल्या. दोघंतिघं भिंतीला लावलेल्या तिच्या सायकलीजवळ उभे होते, पण सायकलीला कुणी हात लावला नाही.

गुणवंतराव सर अध्यक्ष. शाळेत पीटी शिकवून निवृत्त झाले तरी शिटी गळ्यात असते. ते म्हणाले, यंदाची दोन दिवसांची शर्यत रंजीताच्या नावाने घ्यायची. शनिवारी २२ तारखेला हायवेवर एकेकट्याने वेळ लावून, आणि रविवारी २३ ला सगळ्यांची एकत्र रोड रेस. गडचिरोलीहून निघून धानोरा रस्त्याने जायचं, आत वळून हेटीटोल्यावरून वळसा घ्यायचा आणि परत.

हेटीटोला तिचं माहेर. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"ताई नेहमी म्हणायची, माझ्या गावचा रस्ता तुमाले एकदा दाखवतो," संघप्रिया म्हणाली. ती बँकेत आहे, मंडळाची सचिव. रोज सकाळी रंजीतासोबत तीच असायची.

"प्रफुलभाऊ, तुम्ही फक्त गावाशी बोलून द्या. बाकी आमच्यावर सोडा," सर म्हणाले.

मी हो म्हणालो. मला नाही म्हणायला वेळ लागतो आणि तेवढ्यात लोक पुढे गेलेले असतात.

मी स्वतः सायकल चालवत नाही. ती चालवायची, मी मागून गाडीत पाणी आणि केळी घेऊन असायचो. ऑगस्टमध्ये ती डेंगूने गेली.

९ मार्च, रविवार

सर, संघप्रिया आणि मी हेटीटोल्याला जाऊन आलो. मोठा रस्ता सोडून आत वळलं की सागवन आणि बांबू सुरू होतो. डाव्या हाताला पहाडी, उजव्या हाताला खाली नाला. रस्ता दोघांच्या मधून जातो. डांबर नवीन आहे. सर खूश झाले. "असा रोड नागपूरले नाई सापडत," म्हणाले.

जंगलात धूर होता. मोह पडायला लागला आहे. फुलं पहाटे पडतात, म्हणून झाडाखालचा पाला आधी जाळून जमीन मोकळी करून ठेवतात. मग कमी उजेडातही फुलं दिसतात आणि लवकर वेचून होतात. सर खोकत होते.

सासूबाई अंगणात मोह वाळत घालत होत्या. मला बघून म्हणाल्या, "या जवाईबापू. तुम्हीबी वाळून राह्यले. या फुलाच्या बाजूले पसरवून देऊ काय तुमाले?"

कोलू, म्हणजे रंजीताचा धाकटा भाऊ, हसला. संघप्रियाने मोबाईलवर मागच्या वर्षीच्या शर्यतीचे फोटो दाखवले. सासूबाईंनी डोळे बारीक करून बघितले.

"हे पोट्टे असे वाकून काऊन चालवतेत? रोडवर काही हरपलं काय याइचं?"

"वारा कमी लागते आई."

"वारा लागू नये वाटते तं घरी बसाव ना बाई."

मग गावातली माणसं जमली. गावात बुधूभाऊंचा शब्द चालतो. खूप म्हातारे आहेत, ऐकू चांगलं येतं. सरांनी शर्यतीचं सांगितलं आणि विनंती केली की धुराचं तेवढं बघा. स्पर्धकांच्या छातीत धूर गेला तर चक्कर येते. शर्यत होईपर्यंत रस्त्याच्या बाजूचा पाला जाळू नका.

"न जाळता वेचाचं म्हंजे बायाइचा येळ जाते," बुधूभाऊ म्हणाले. "आन आग असली का जनावर दूर राहते."

मग सासूबाईच म्हणाल्या, "रंजीताच्या नावाचं काम हाय. दोन हप्ते नाई जाळलं तं काय होते? वाकाले काय पैसे पडतेत?"

तेवढ्यावर ठरलं. परतताना सर गाडीत म्हणाले, मोठी समजूतदार माणसं आहेत.

निघताना सासूबाई मला नाल्याच्या बाजूला घेऊन गेल्या. तिथे रंजीताचं झाड आहे. आमच्या लग्नात तिच्या वडिलांनी ते मोहाचं झाड तिच्या नावाने केलं होतं. त्याची फुलं तिची, दुसरं कुणी वेचत नाही. दरवर्षी सासूबाई वाळवून आमच्याकडे पाठवायच्या. यंदाची फुलं ऑगस्टमध्ये तिच्या वर्षाच्या जेवणासाठी ठेवणार आहेत. सुनेलाही हात लावू देत नाहीत. आमच्या घरी वर्षाला वंदना होईल, भिक्खूंना भोजनदान होईल. त्यांच्याकडचं त्या त्यांच्या पद्धतीने करतील. दोन्हीकडे मी असेन असं मी त्यांना सांगितलं.

१२ मार्च, बुधवार

अर्धी रजा टाकून सरांबरोबर वन विभागाच्या कार्यालयात परवानगीसाठी गेलो. परवानगी मिळाली. तिकडचे वनरक्षक सुनिल म्हणून आहेत, कमी वयाचे. त्यांनी सांगितलं की हेटीटोल्याच्या बाजूला एक वाघीण आहे, दोन पिल्लं आहेत, आता मोठी झाली आहेत.

"रातच्याले नाल्यावर राहते. पाणी तिकडंच हाय. उजेड पडाच्या आत रस्ता पार करून पहाडीत जाते. दिवसभर पहाडीतच. तुमची रेस साडेसातले येईल तं ती कधीची गेलेली राहील."

मला बरं वाटलं.

"आन एखाद्या दिवशी उशीर केला तं?" सरांनी विचारलं.

"जनावर हाय सर. आता काय सांगू? फटाके तेवढे फोडू नोका."

गाडीत बसल्यावर सर गळ्यातली शिटी बोटांत फिरवत बसले. मग म्हणाले, "माणसं उभी करू. पहाटे पाचपासून, उजेडाच्या आधी. थोड्या थोड्या अंतरावर एक. डफ, डबे, काय असेल ते वाजवत राहाचं. रस्त्यावर पाय टाकणार नाई ती." फटाके नाहीत, त्यामुळे नियमही मोडत नाही. मला चांगली कल्पना वाटली. सर प्रत्येक स्पर्धकाची काळजी करतात. बाहेरून पोरं येणार आहेत, काही तर शाळेतली.

१६ मार्च, रविवार

पुन्हा हेटीटोला. सोबत टी-शर्टचा गठ्ठा होता. पांढरे आहेत, पुढे रंजीताचा फोटो छापला आहे, हेल्मेट घातलेला. मी तो फोटो मंडळाला दिला तेव्हा छातीवर एवढा मोठा येईल असं वाटलं नव्हतं. गावातल्या माणसांनी लगेच घालून बघितले. सासूबाई एकेकाजवळ जाऊन बघत होत्या. एकाला म्हणाल्या, "पोट आत घे. माझ्या पोरीचं तोंड फुगून राह्यलं."

गावातले बहुतेक पुरुष रस्त्यावर लागणार. तरी मला वळणापासून शाळेपर्यंत रांग पुरवायची होती, म्हणून जे रोज बायकांसोबत मोह वेचायला जातात तेही घेतले. रोज तिघंचौघं कुऱ्हाडी घेऊन झाडांजवळ उभे राहतात आणि मधून मधून आरोळी देतात. कोलू त्यातलाच. एका दिवसाचा प्रश्न आहे.

जागा मी ठरवल्या. कागद न घेता रस्त्याने चालत गेलो आणि एकेकाला उभं करून दाखवलं. कोलूचा आवाज मोठा आहे, डफही जोरात वाजवतो, म्हणून त्याला रपट्यावर, म्हणजे तिथल्या ठेंगण्या पुलावर ठेवलं. तिथे नाल्याचा एक फाटा रस्त्याखालून पहाडीकडे जातो आणि कोरडी वाळू आहे. जनावर यायचं तर तिथूनच येईल असं कोलूच म्हणाला. वळणाच्या पुढे पाण्याचं टेबल, तिथे मी आणि लाउडस्पीकरची गाडी.

बुधूभाऊ ओट्यावर बसून सगळं बघत होते. ते म्हणाले, "आमच्या बापाच्या टायमाले असाच हाका करत. एका बाजूले वाजवाचं, दुसऱ्या बाजूले साहेब बंदूक घेऊन बसलेला राहे. तुमचा बंदूकवाला कुठी बसला हाय जी?"

सगळे हसले. सरही हसले. म्हणाले, "आमच्याकडे बंदूक नाई बाबा, शिटी हाय." आणि वाजवून दाखवली.

बुधूभाऊ हसले नाहीत. त्यांना वाटलं असेल आपली थट्टा केली.

मागच्या आठवड्यात गावातलं एक वासरू गेलं. नाल्याजवळ. पाला जाळणं बंद झाल्यापासून ती जवळ येते असं कोलूची बायको सोमारी म्हणाली. कोलूने तिला गप्प केलं. पाहुण्यांसमोर बोलायचं नव्हतं बहुतेक.

१९ मार्च, बुधवार

ऑफिसात मार्चएंड. घरी आल्यावर तिच्या सायकलीच्या चाकात हवा भरली. काही कारण नव्हतं. टायर बसलेले बरे दिसत नाहीत.

२१ मार्च, शुक्रवार

सुनिल वनरक्षकांचा फोन आला. रविवारी सकाळी बायकांना एकट्या जाऊ देऊ नका, सांगून ठेवा म्हणाले. मी संध्याकाळी सासूबाईंना फोन लावला. रेंजसाठी त्या शाळेजवळच्या दगडावर येतात.

मी म्हणालो, "आई, रविवारी मोह वेचायला जाऊ नका. एक दिवस राहू द्या."

"तिच्या झाडाचं फूल आता कुठी जोरात पडून राह्यलं. चार दिवसात सरते. आन रोडवर एवढे माणसं राहतील, डफ वाजवून राहतील, त्या दिवशी वाघाची काय हिंमत? रोजच्यापेक्षा बरं हाय ना."

ते मला पटलं. रोज चार माणसं असतात, रविवारी सगळं गाव जागं असेल. तरी मी म्हणालो, "कुणाला तरी सोबत ठेवा."

"सगळ्या बायाच तं हाय. तुम्ही जेवले काय? आवाजावरून जेवले नाई वाटते."

मी जेवलो म्हणून सांगितलं. जेवलो नव्हतो.

२२ मार्च, शनिवार

आजची शर्यत नीट पार पडली. एकेक जण सुटत होता आणि सर मोबाईल बघून शिटी वाजवत होते. यवतमाळहून आलेला मुलगा पहिला, मुलींमध्ये संघप्रिया. माळ घातलेला रंजीताचा फोटो टेबलावर होता. लोक जाता येता नमस्कार करत होते. माझं काम पाण्याचं. मला वाटलं तेवढं जड गेलं नाही.

चार वाजता हेटीटोल्याला आलो. आज मुक्काम इथेच, पहाटे माणसं उभी करायची आहेत. अंगणात बसून लिहितो आहे. सासूबाईंनी चहात साखर जास्त टाकली आहे, रंजीताही मी वाळलेला दिसलो की तसंच करायची. गावातली कुत्री आज अंगणाबाहेर जात नाहीत, सगळी ओट्याखाली येऊन बसली आहेत. सोमारी त्यांना झाडूने हाकलते, ती परत येतात.

सासूबाई एक नवी टोपली काढून पाण्यात भिजवत आहेत. मी विचारलं नाही.

२३ मार्च, रविवार

पाण्याच्या टेबलाशी बसून लिहितो. शेवटचे स्पर्धक गेले. मागची गाडी यायची आहे, तोवर वेळ आहे.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं. पाचच्या आत माणसं जागेवर होती. थंडी होती, सगळ्यांनी स्वेटरवरून टी-शर्ट घातले होते. अंधारात रांगेकडे बॅटरी मारली की रंजीताच दिसत होती, पुढेपर्यंत.

बायका आमच्या रांगेतूनच नाल्याकडे उतरल्या. सासूबाई माझ्याजवळ थांबल्या. माझ्या टी-शर्टला घडी पडली होती, ती त्यांनी हाताने सपाट केली. म्हणाल्या, "माझी पोरगी एवढ्या लोकाइच्या छातीवर बसून राह्यली आज." मग टोपली डोक्यावर घेऊन उतरल्या.

उजाडताना नाल्याकडे माकडं ओरडायला लागली. खोकल्यासारखा आवाज, थांबतच नव्हता. रांग अजून जोरात वाजवायला लागली. रपट्याकडून कोलूचा डफ इथपर्यंत ऐकू येत होता. मीही लाउडस्पीकर लावला. एकदा वाटलं आवाज पुढे सरकतो आहे, मग मागे गेला.

साडेसातच्या सुमाराला पुढचे स्पर्धक आले. वाकून, एकमेकांच्या चाकाला चाक लावून. संघप्रिया माकडांचा आवाज ऐकून हसली आणि सायकलवरूनच हात वर करून थोडा व्हिडिओ काढला. रंजीता असती तर तिला रागावली असती. तिच्या गावाच्या रस्त्यावरून पन्नासेक सायकली गेल्या आणि मला एकदाही वाईट वाटलं नाही. एकालाही खरचटलं नाही. सरांचा फोन आला, म्हणाले, "प्रफुलभाऊ, वाघीण दिसली नाई कोणाले. आपलं काम झालं." मी पहिल्यांदाच त्यांना धन्यवाद म्हणालो.

माकडं कधी गप्प झाली लक्षात आलं नाही.

कोलू रपट्याकडून येतो आहे. पळत येतो आहे.

२५ मार्च, मंगळवार

रविवारचं राहिलं आहे.

कोलूने विचारलं, "आई आली काय तुमच्याकडं? बाकीच्या बाया केव्हाच्या घरी आल्या." मी नाही म्हणालो. बायकांनी सांगितलं की माकडं ओरडायला लागल्यावर त्या निघाल्या. रंजीताचं झाड शेवटी, नाल्याच्या काठावर. सासूबाई म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढं, पाला लय हाय, फूल पाल्यात लपून राह्यलं. टोपली अर्धी राहिली होती त्यांची.

टोपली झाडाखाली सरळ ठेवलेली होती. त्या थोड्या पुढे होत्या, बांबूत. वाघीण गेली होती. मी जे बघितलं ते लिहिणार नाही. कोलूने अंगातला टी-शर्ट काढून त्यांच्यावर टाकला. मग बाकीच्यांनीही काढले.

सुनिल वनरक्षक आले तेव्हा ऊन झालं होतं. गुणवंतराव सर बक्षीस समारंभ सोडून आले होते, ट्रॅकसूटवर पदाधिकाऱ्याचा बिल्ला तसाच. कोलू आणि गावातली माणसं सासूबाईंजवळ बसलेली होती. वनरक्षक सरांना आणि मला घेऊन नाल्याच्या काठाने चालत गेले. खाली बघत चालत होते.

"रात्री ती नाल्यावरच होती," ते म्हणाले. "घरी जाच्या टायमाले निघाली. हे पाहा, इथी रस्त्यापर्यंत आली. वर माणूस होता. परत फिरली. पुढं गेली, आखिन वर चढली. तिथीबी माणूस."

सर म्हणाले, "पण आपण तर तिला रस्त्यावर येऊ नये म्हणून..."

"नाईच आली सर रस्त्यावर. जाऊच देलं नाई ना तिले. तिचं घर रस्त्याच्या त्या बाजूले हाय. तुम्ही उजेड पडाच्या आधीपासून दार लावून बसले."

ते रागावून बोलले नाहीत. सर खाली बसले.

रपट्यापाशी वाळूत सगळं स्पष्ट होतं. मला पायाचे ठसे वाचता येत नाहीत, पण तिथे मलाही दिसत होतं. ती बराच वेळ तिथे बसली होती. वाळू दबलेली होती. पहाडीकडे जायची सगळ्यात जवळची वाट तीच. मग एका जागी वाळू जोरात उडालेली होती आणि ठसे एकदम लांब लांब, सरळ मोहाच्या झाडांकडे.

"इथून बिथरली. अगदी डोक्यावर वाजवलं कोणी. इथी कोण उभा होता?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. रपट्यावर कोण होता ते त्यांना माहीत होतं. त्यांनी तोंड उघडलं.

मी म्हणालो, "मी."

वनरक्षकांनी वर बघितलं. वाळूच्या काठावर डफ वाजवायची एक काडी पडली होती, ती त्यांनाही दिसली असणार. मी ती उचलून खिशात ठेवली. ते म्हणाले, "बरं." पुढे काही विचारलं नाही.

त्याच रात्री मंडळाच्या ग्रुपवर सरांचा संदेश आला होता. दुःखद घटना, मंडळ सहभागी आहे, शर्यतीच्या मार्गावर कोणताही प्रकार घडलेला नाही. त्याच्या वर विजेत्यांचे फोटो होते. आज सकाळी संघप्रिया घरी आली. बराच वेळ बसली. चहा गार झाला. जाताना म्हणाली, "मी तो माकडाचा व्हिडिओ डिलीट केला भाऊ." मी बरं म्हणालो.

काल सासूबाईंना नेलं. रंजीताच्या वडिलांच्या आठवणीचा दगड गावाच्या वरच्या बाजूला आहे, त्याला लागून रंजीताचाही आहे. मला वाटलं होतं सासूबाईंचाही तिथेच उभा करतील. बुधूभाऊंनी सांगितलं की वाघाने नेलेल्या माणसाला बाकीच्यांत ठेवत नाहीत, त्याची जागा वेगळी असते. मी त्यांना म्हणालो, आईंची मुलगी तिथे आहे. ते म्हणाले, "माहीत हाय जी." मी त्यांच्यातला नाही.

२८ मार्च, शुक्रवार

रजा टाकून हेटीटोल्याला गेलो. रस्ता मोकळा होता. पाला पुन्हा जाळायला लागले आहेत, सगळीकडे धूर होता.

सोमारी दारातच भेटली. हळूच म्हणाली, "रविवारपासून पोटात काही गेलं नाई याच्या. पाणी पेते फक्त. डफ फोडून टाकला. कोणासंगं बोलत नाई."

कोलू ओट्यावर बसला होता. समोर ताट वाढलेलं, भातावर माशा. मी बाजूला बसलो. ताटावरच्या माशा हाताने हाकलल्या. मग त्यानेच विचारलं.

"भाऊजी, गार्ड मले सांगत नाई. तुम्ही होते ना त्याच्यासंगं?"

"होतो."

"कुठून परतली ती?"

तो माझ्याकडे बघत नव्हता. नखाने ओट्याची माती उकरत होता.

"माह्या बाजूले काहीतरी होतं खाली. अंधार होता. झुडूप हललं असं वाटलं. मी मंग जोरात वाजवलं. रपट्यावरून तं नाई ना परतली?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग?"

"पाण्याच्या टेबलापासून. मी होतो तिथे. माकडं ओरडायला लागली म्हणून मी लाउडस्पीकर मोठा केला. ती तिथे खालीच बसली होती. तिथून पळाली."

"ठसे दिसले तुमाले?"

"वनरक्षकांनी दाखवले."

"आन रपट्यावर?"

"तिथे काही नव्हतं. डुक्कर असेल."

त्याने माती उकरायचं थांबवलं. आता तो माझ्याकडे बघत होता. कोलूचे डोळे रंजीतासारखे आहेत हे मी कधी नीट बघितलं नव्हतं.

"तुमाले माहीत होतं आई तिकडं हाय."

"हो."

"तुमच्या समोरून गेली ना ती?"

"हो."

"आमी पाला जाळणं बंद केलं तुमच्यासाठी. आमी सारे रोडवर उभे राह्यलो. तुमी जिथी म्हणाल तिथी."

मी हो म्हणालो. त्यात खोटं काही नव्हतं.

सोमारी माझ्यासाठी चहा घेऊन बाहेर आली. कोलू तिला म्हणाला, "नेऊन ठेव आत." ती थांबली. त्याने पुन्हा सांगितलं तेव्हा गेली.

"जा तुमी," तो म्हणाला. "तेरवीले येऊ नोका. रंजीताच्या वर्षालेबी येऊ नोका. इथी तुमचं कोणी नाई आता."

मी उठलो. बुधूभाऊ त्यांच्या अंगणात होते, त्यांनी ऐकलं असावं, पण ते माझ्याकडे न बघता बांबू तासत राहिले. मी चपला घातल्या. एक उलटी झाली होती, ती सरळ करायला वेळ लागला.

गाडी वळवून घेताना आरशात ओटा दिसला. कोलूने ताट जवळ ओढलं होतं. सोमारी त्याच्या भातावर गरम डाळ वाढत होती. तो खात होता, खाली मान घालून, भराभर.

मी गाडी हळूच गावाबाहेर काढली.